आधी हिशेब, मग हळद

कार्तिकी एकादशी झाली, तुळशीचे लग्न लागले आणि इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रात सोयरिकीची बोलणी सुरू झाली. गोठणगाव, केशोरी, अर्जुनी मोरगाव आणि कालव्याच्या खालच्या अंगाला लाखांदूर, वडसा, आरमोरी या साऱ्या पट्ट्यात लग्नाचा हंगाम पंचांगाइतकाच धानाच्या तालावर चालतो. हलका धान घरात आलेला असतो, भारी धानाची कापणी चाललेली असते, शेतात पुंजणे उभे राहत असतात आणि गावोगावच्या मंडया भरू लागतात. दिवसा बाजार, रात्री नाटक नाहीतर दंडार आणि मधल्या वेळात पाहुण्यांच्या ओसरीवर स्थळांची चौकशी. पोरगी किती शिकली, पोराकडे वावर किती, नोकरी कायम आहे की कंत्राटी. मंडईत निघालेला विषय पौष सरला की साक्षगंधापर्यंत पोचतो आणि उन्हाळ्यात मांडवात.

जिच्यासाठी हे सगळे चाललेले असते ती मुलगी या बोलण्यात चहा घेऊन येते आणि रिकामे कप घेऊन आत जाते. पुढे साडीचा रंग, मेहंदी, पार्लर, फोटोग्राफर एवढे तिला विचारले जाते. नवरीला सल्ला देणाऱ्यांची हल्ली कमी नाही, पण तो सल्ला बहुधा चेहरा, केस आणि दागिने यांच्यापलीकडे जात नाही. तारीख, खर्च, कर्ज, देणे-घेणे, तपासण्या आणि कागद हे विषय ओसरीवरच्या पुरुषमंडळींकडे राहतात. त्यात काही चुकले तर निस्तरायचे मात्र तिनेच. म्हणून हंगामाच्या तोंडाशी आमचे सांगणे असे, की नवरीने त्या ओसरीवर बसावे, आणि बसताना हातात स्वतःची वही असावी.

वहीचे पहिले पान रक्ताच्या अहवालाचे. गुण किती जुळले हे विचारण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली का, हे विचारायला हवे. गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत हा आनुवंशिक आजार आदिवासी समाजांत आहे, तसाच अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांध्यांत असह्य कळा, कावीळ, अंगात रक्त न राहणे आणि पुन्हा पुन्हा दवाखाना, असे रुग्णाचे आयुष्य होऊन बसते. ज्याला आईकडून किंवा वडिलांकडून एकच सदोष जनुक आले तो वाहक. त्याला बहुतेक वेळा कसलाच त्रास नसतो, म्हणून आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या निरोगी माणसाशी झाले तर मुलांना हा आजार होत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, ते वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हीतून सुटण्याची २५ टक्के. पहिले मूल ठणठणीत निघाले म्हणून दुसऱ्याच्या वेळी ही शक्यता बदलत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, असे त्याचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचणीतून माणूस वाहक आहे की रुग्ण, हे नक्की कळते. हे सारे साक्षगंधाच्या आधी व्हायला हवे. पत्रिका छापून झाल्यावर आलेला अहवाल दोन्ही घरे दडपून टाकतात. आणि तपासणी दोघांची हवी. मुलीचा अहवाल मागायचा आणि मुलाचा विषय काढला की ‘आमच्या घरात असं काही नाही’ म्हणायचे, ही लबाडी आहे. दोघेही वाहक निघाले तर पुढे काय, हे त्या दोघांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. गर्भातल्या बाळाची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत करता येते, तीही माहिती घ्यावी. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे मात्र गावाने एकदाचे समजून घ्यावे. नाहीतर अहवालाच्या भीतीने मुली तपासणीलाच येणार नाहीत.

दुसरे पान तारखेचे. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण, ही झाली कायद्याची अट. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने ती मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि लग्न लावणाराही त्यातून सुटत नाही. एवढे सर्वांना माहीत असते. त्यापुढचा विचार फारसा कुणी करत नाही. चातुर्मासात लग्ने का नसतात याचे शास्त्र कुणी काहीही सांगो, आमच्या या झाडीपट्टीत त्याचे कारण डोळ्यांपुढे असते. आषाढ-श्रावणात रोवणी असते, माणूस बांधीतल्या चिखलात असतो आणि घरात पैसा नसतो. १९७० साली गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण झाले. कालव्याने खरिपाला आधार दिला आणि साठा बरा असेल त्या वर्षी उन्हाळी धानही पिकू लागला. वर्षातून दोनदा धान येऊ लागला, तरी पैसा मागाहूनच येतो. खरिपाचा धान आधारभूत केंद्रावर जातो. तिथे नोंदणी, रांग, बारदाना, मोजणी आणि मग चुकारे. चुकारा खात्यात कधी पडेल हे कुठल्याच पंचांगात लिहिलेले नसते. उन्हाळी धान मे महिन्यात कापणीला येतो, म्हणजे ऐन लग्नतिथींच्या गर्दीत. तेंदूपत्त्याचे कामही त्याच दिवसांत. त्यामुळे मे महिन्यातल्या लग्नाला घरातला माणूस मोकळा नसतो आणि पीक अजून शेतातच असल्याने हातात पैसाही नसतो.

तारखेची बोलणी निघाली की नवरीने एक प्रश्न जरूर विचारावा, हे लग्न कोणत्या धानावर होणार आहे? ज्या धानावर लग्न करायचे तो विकून पैसे आल्यानंतरची तिथी धरली तर उसनवारी बरीच टळते. खरिपाच्या धानासाठी माघ-फाल्गुन त्या दृष्टीने बरा. ऊन चढलेले नसते, मोहफुलाची धांदल अजून पुढे असते. पण मुलगी शिकत असेल तर परीक्षेचे वेळापत्रक आधी पाहावे आणि मुहूर्त नंतर. शेवटच्या वर्षाचा एक पेपर लग्नापायी बुडाला की तो पुन्हा द्यायला सासरहून येणे किती जणींना जमते, हे प्रत्येक गावाला माहीत आहे.

उन्हाळ्याची तारीख टळणारच नसेल तर निदान घड्याळ तरी नवरीने ठरवावे. मे महिन्यात विदर्भाचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. भर दुपारचा मुहूर्त, वरातीला दीड तास उशीर आणि त्यानंतर पंगत, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची आणि लेकरांची परीक्षाच. गोरज मुहूर्त किंवा सकाळी लवकरचा मुहूर्त हा त्यावरचा साधा उपाय आहे. जेवण पंगतीच्या वेळेच्या मानाने शिजवावे. रात्री करून ठेवलेला भात आणि भाजी दुसऱ्या दिवशी दुपारी वाढण्यातून विषबाधा होते. पनीर आणि खव्याचे पदार्थ त्या उन्हात टिकत नाहीत. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, पुरी आणि बुंदी ही या भागाची पंगत चवीला कुठेच कमी नाही आणि उन्हालाही पुरून उरते.

तिसरे पान खर्चाचे, आणि इथे नवरीला आमची एक सूचना आहे. खर्च रुपयांत लिहू नये, क्विंटलांत लिहावा. २०२५-२६ च्या खरिपासाठी सामान्य धानाचा आधारभूत दर क्विंटलला २,३६९ रुपये होता. समजा, लग्नाचा अंदाज तीन लाखांचा निघाला. म्हणजे सुमारे १२७ क्विंटल धान. एकरी १५ क्विंटल उतारा धरला तर जवळपास साडेआठ एकरांचे पूर्ण पीक, आणि त्यातून बियाणे, खत, रोवणीची मजुरी, कापणी, मळणी यांतले काहीही वजा केलेले नाही. ज्या घराचे वावर दोन-तीन एकर, त्या घराने कितीही चांगल्या वर्षी हे लग्न एका पिकावर पेलणे अशक्य. डीजेचे २५ हजार म्हणजे साडेदहा क्विंटल, म्हणजे ४० किलोचे २६ कट्टे. मळणीनंतर हे २६ कट्टे अंगणात रचलेले बघावेत आणि मग रात्री दहाला पोलीस बंद करायला लावतील त्या आवाजावर ते उधळायचे का, हे ठरवावे. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला, म्हणजे एका तोळ्यामागे ४२ क्विंटलांहून जास्त धान. रुपयांचे आकडे ओसरीवर हवेत उडतात, कट्टे मात्र कुणाला तरी पाठीवर वाहावे लागलेले असतात. ते वाहणाऱ्यांत नवरीचे आई-बाप असतात आणि बऱ्याचदा ती स्वतःही असते. रोवणीला चिखलात वाकलेल्या मुलीला धानाचा भाव कुणी समजावून सांगावा लागत नाही.

खर्चाला कात्री लावणे म्हणजे कंजूषी नव्हे. सगळ्या गावाला चूलबंद आवतण देण्याची या भागाची रीत सुंदर आहे, ती मोडू नये. पण पाहुण्यांची संख्या आणि पदार्थांची संख्या दोन्ही एकदम वाढवली की घर बुडते. माणसे वाढवायची असतील तर ताट साधे ठेवावे. बस्ता वडशाला बांधायचा की नागपूरला, यापेक्षा तो दोन्ही घरांनी आपापला बांधायचा की एकाच घराच्या माथी मारायचा, हा प्रश्न मोठा आहे. मंडप, बिछायत, स्वयंपाकी, फोटोग्राफर यांना इसार देताना पावती घ्यावी. त्यावर तारीख, वेळ, काय काय मिळणार आणि तारीख बदलली तर किती पैसे परत, हे लिहून घ्यावे. बिछायत केंद्रातून आलेले गंज, गुंड, पराती आणि सतरंज्या उतरवताना मोजाव्यात आणि परत देतानाही मोजाव्यात. हे काम घरातल्या एका माणसाच्या नावावर असावे, कारण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हरवलेल्या भांड्यांवरून होणारी भांडणे मुलीच्या पाठवणीच्या रडण्यातही ऐकू येतात. धरणाच्या पाळीवर प्री-वेडिंगचे फोटो काढायची हौस असेल तर जरूर काढावेत, पण सांडव्याच्या शेवाळलेल्या दगडांवर आणि खोल पाण्याच्या काठावर नको. त्या जागा कॅमेऱ्यात देखण्या दिसतात आणि पाय घसरायला अर्धा क्षण लागतो.

कमी पडणारा पैसा कुठून येतो, हेही याच पानावर लिहावे. पूर्वी सावकार असे, आता दारावर येणारा गटाचा साप्ताहिक हप्ता असतो. महिलांच्या गटातून मिळणारे कर्ज शेळी, किराणा दुकान किंवा शिलाई मशीन अशा नावांखाली घेतले जाते आणि मांडवात खर्च होते. ते कर्ज असते नवरीच्या आईच्या नावावर. मुलगी सासरी जाते, मांडव उतरतो आणि आई दर आठवड्याला हप्त्याच्या बैठकीत जाऊन बसते. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या बायकांवर बोजा येतो, म्हणून ती मजुरी वाढवते किंवा दुसऱ्या गटातून कर्ज काढून पहिले भागवते. आपल्या लग्नासाठी आईच्या नावावर किती कर्ज निघते आहे, किती हप्त्यांचे आणि ते फेडणार कोण, हे विचारण्याचा हक्क मुलीइतका दुसऱ्या कुणाला नाही. ती कमावती असेल तर त्यातला किती हप्ता लग्नानंतरही ती भरणार, हे तिने होणाऱ्या नवऱ्याला आधीच सांगावे. सामुदायिक विवाहाचा मार्ग कमीपणाचा मानू नये. राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाची शुभमंगल सामूहिक विवाह योजना त्यासाठीच आहे. अटी आणि रक्कम वेळोवेळी बदलतात, म्हणून अंगणवाडी सेविकेकडून किंवा जिल्हा कार्यालयातून ताजी माहिती घ्यावी.

चौथे पान आंदणाचे आणि आहेराचे. मांडवाच्या एका कोपऱ्यात टेबल असते. त्यावर एक नातलग लांब वही उघडून बसलेला असतो आणि लिहीत असतो. गावाचे नाव, माणसाचे नाव, १०१ रुपये. गावाचे नाव, माणसाचे नाव, स्टीलचा गुंड. ही वही घरे जिवापाड जपतात, कारण उद्या त्या घरच्या लग्नात तेवढाच आहेर परत करायचा असतो. एवढी शिस्त ज्या समाजाला आहे त्याला नवरीच्या वस्तूंची यादी करणे जड का जावे? १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ मध्ये झालेले नियम नेमके हेच सांगतात. लग्नात नवरीला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावी, त्यात वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते असावे, तिच्यावर वधू आणि वर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि ही यादी नवरीने स्वतःकडे ठेवावी. आहेराची वही लिहिणाऱ्याच्या शेजारी दुसरी वही घेऊन नवरीची एखादी मैत्रीण बसली की काम झाले. हुंडा मागणे, देणे आणि घेणे तिन्ही गुन्हे आहेत. देण्या-घेण्याला किमान पाच वर्षांची शिक्षा कायद्यात आहे. मागणी करून घेतलेली मोटारसायकल ‘खुशीने दिली’ म्हणून यादीत लिहिल्याने ती भेट होत नाही, हेही लक्षात असावे.

स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे आणि ते सासरच्या ताब्यात असले तरी मालकी तिचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. पण न्यायालयात मालकी सांगायला कागद लागतो. म्हणून दागिन्याची पावती वडिलांच्या किंवा काकांच्या नावे न घेता नवरीच्या नावे घ्यावी. हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक पाहावा, तो पावतीवर लिहून घ्यावा, आणि प्रत्येक दागिन्याचा एक फोटो फोनमध्ये ठेवावा. ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून दागिने सासूबाईंच्या कपाटात गेले, तरी यादी आणि पावत्या आपल्याजवळ राहू द्याव्यात.

पाचवे पान कागदांचे. विवाह नोंदणीचा महाराष्ट्राचा कायदा १९९८ चा. लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करावी, गावात हे काम ग्रामपंचायतीत होते. वयाचा आणि राहण्याचा पुरावा, लग्नपत्रिका किंवा फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही. लग्नाच्या दिवशी हे साक्षीदार आणि भटजी, भंतेजी किंवा लग्न लावणारे कुणीही एकाच मांडवात असतात. त्याच दिवशी सह्या झाल्या तर पुढे तीन गावांना हेलपाटे मारावे लागत नाहीत. जन्माचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि जात पडताळणी यांच्या मूळ प्रती नवरीने सोबत न्याव्यात. जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवर मिळतो, तेव्हा तो लग्नाआधी काढून ठेवणे सोपे. शिधापत्रिका आणि मतदार यादीतले नाव हलवणे आधी, आडनाव बदलणे नंतर. किंबहुना आडनाव बदललेच पाहिजे असे कुठलाही कायदा म्हणत नाही. बदलायचे ठरले तर सगळ्या कागदांवर एकसारखे बदलावे, नाहीतर बँकेत एक नाव, आधारवर दुसरे आणि गुणपत्रिकेवर तिसरे होऊन बसते. स्वतःच्या नावाचे बँक खाते, त्याला जोडलेला स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि स्वतःजवळचे एटीएम कार्ड ही सासरी नेण्याची सर्वात हलकी आणि सर्वात उपयोगी वस्तू.

याच पानावर एक ओळ ठळक लिहावी. लग्नाच्या घाईत हक्कसोडपत्रावर सही करायची नाही. ‘तुझ्या लग्नाला एवढा खर्च केला, आता भावाच्या वावरात काय मागतेस’ हे वाक्य प्रेमाने बोलले जाते आणि सही घेऊन संपते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी जन्माने सहदायाद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की त्या दिवशी वडील हयात असण्याचीही अट नाही. बौद्ध कुटुंबांनाही हा कायदा लागू आहे. गोंड, हलबा यांच्यासारख्या अनुसूचित जमातींना तो थेट लागू होत नाही, तिथे रूढी पाहिली जाते, त्यामुळे त्या मुलींनी सही करण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाचा मोफत सल्ला घ्यावा. हक्क सोडायचाच असेल तर तो दहा वर्षांनी, शांतपणे, समजून-उमजून सोडता येतो. हळदीच्या अंगाने सोडण्याची घाई कशाला?

हे सारे वाचून कुणी म्हणेल, आपल्याकडे नवरी असे बोलत नसते. हे खरे नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह लागला तो भटजीविना, अगदी कमी खर्चात, आणि त्याच्या मागे सावित्रीबाई फुले उभ्या होत्या. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी छापलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांची हमी मागते आणि वर ती देतो. जमलेल्या माणसांसमोर नवरीने अट घालायची आणि नवऱ्याने ती मान्य करायची, ही महाराष्ट्रातली दीडशे वर्षांची परंपरा आहे. तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत वैवाहिक जीवनावर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि साध्या, सामुदायिक लग्नांचा आयुष्यभर पुरस्कार केला. या भागात गावोगावी गुरुदेव सेवा मंडळे आहेत, त्यांची सामुदायिक प्रार्थना आजही चालते. त्या प्रार्थनेला बसणाऱ्यांच्या घरच्या लग्नात तो अध्याय किती उतरतो, हे त्यांनीच तपासावे. बौद्ध विवाहविधी पांढऱ्या वस्त्रांत, त्रिसरण-पंचशील घेऊन तासाभरात पार पडतो. विधी साधा राहिला आणि त्याच्या पुढे-मागे डीजे, फटाके, लॉन आले. गोंड समाजात तर देणे वरपक्षाचे असे, आणि होणारा जावई सासऱ्याच्या घरी राहून कामाने ते फेडी, अशी रीत होती. तेव्हा वरदक्षिणा ही ‘आपली परंपरा’ म्हणून सांगणाऱ्यांनी नेमकी कुणाची आणि कधीपासूनची, हे विचारून पाहावे.

खरी अडचण परंपरेची नसून भीतीची आहे. मुलगी बोलली तर स्थळ जाईल, ही भीती. ती निराधार नाही, म्हणून सगळा भार एकट्या मुलीवर टाकणे अन्याय ठरेल. बैठकीत तिच्या बाजूला मोठी बहीण, मामी किंवा गावातली एखादी शिक्षिका बसली पाहिजे. वडिलांनी ‘तिला विचारून सांगतो’ हे एक वाक्य बोलायला शिकले पाहिजे. बचत गटांच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांइतकीच चर्चा गटातल्या मुलींच्या लग्नखर्चाची व्हावी, आणि अमुक मर्यादेच्या वर कुणी खर्च करायचा नाही असा ठराव दहा घरांनी मिळून केला तर एकट्या घराला लाज वाटायचे कारण उरत नाही. ग्रामपंचायतीने लग्नपत्रिका हाती आली की नोंदणीचा अर्ज आणि भेटींच्या यादीचा कोरा नमुना त्या घरी पाठवावा. आशाताईंनी मंडईच्या दिवसांतच उपवर मुला-मुलींची सिकलसेल तपासणी घडवून आणावी, कारण सोयरिकी तेव्हाच जुळतात. यातल्या कुठल्याही गोष्टीला वेगळा निधी लागत नाही.

आणि एवढे करूनही एखादे स्थळ मोडलेच, तर मोडू द्यावे. तपासणीचा अहवाल मागितला, खर्च निम्मा वाटून घेऊ म्हटले, वस्तूंची यादी करू म्हटले, एवढ्याने जे घर बिथरते ते घर पुढे दवाखाना, नोकरी, माहेरी जाणे आणि वेगळे खाते यांवर कसे वागेल, याचे उत्तर त्याने आताच देऊन टाकलेले असते. ते उत्तर वैशाखातल्या मांडवात किंवा त्यानंतरच्या दहा वर्षांत मिळण्यापेक्षा मार्गशीर्षातल्या ओसरीवर मिळाले, तर मुलीचे काही गेले असे आम्ही मानत नाही. जे घर प्रश्न ऐकून घेते आणि आपलाही हिशेब समोर ठेवते, तिथे हळद लावायला हरकत नाही.